मज्जातंतू पुन्हा वाढतात का?

कीर्तनाला किंवा पंगतीला बराच वेळ मांडी घालून बसलेला मनुष्य उठू लागला म्हणजे पुष्कळदा त्याचा पाय त्याला सोडून गेल्यासारखा होतो. पाय जागच्या जागी असतो, हाडे व स्नायू शाबूत असतात. पण मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोहोचत नाही आणि पायाची खबर वर येत नाही. थोड्या वेळाने मुंग्या येतात आणि पाय पुन्हा ताब्यात येतो. दबल्या गेलेल्या मज्जातंतूने काही काळ काम थांबविले आणि दाब निघताच ते पुन्हा सुरू केले, एवढाच याचा अर्थ. हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे त्याची कोणास भीती वाटत नाही. परंतु हाच प्रकार अधिक तीव्र स्वरूपात ओटीपोटाच्या खोल भागातील मज्जातंतूंच्या बाबतीत घडला, तर संदेश पुन्हा सुरू होण्यास मिनिटे नव्हेत, महिने लागतात, कधी वर्षेही लागतात. आणि या तंतूंचा ज्या इंद्रियाशी संबंध असतो त्याविषयी घरात बोलण्याची रीत नसल्यामुळे, तो सारा काळ रोग्याला बहुधा एकट्यानेच काढावा लागतो.

प्रोस्टेट ग्रंथीचा, गुदाशयाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग झाला असता जी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, तिच्यात या तंतूंना इजा होऊ शकते. वाहनाच्या अपघातात कंबरेची हाडे मोडली तरीही तसे घडते, आणि अशा रोग्यांत तरुणांचा भरणा असतो. जीव वाचतो, जखम भरते, मनुष्य घरी येतो. पण शिश्नाचे उत्थान होत नाही. या अवस्थेला जुन्या बोलीत जो शब्द आहे, तो रोगाचे नाव कमी आणि शिवी अधिक आहे. त्यामुळे रोगी आपल्या पौरुषालाच दोष देतो. पत्नीला वाटते, त्याचे मन उडाले. वस्तुतः प्रश्न पौरुषाचाही नसतो आणि मनाचाही नसतो. तो एका दुखावलेल्या तारेचा असतो. ती तार पुन्हा जुळते का, जुळत असल्यास किती वेगाने, आणि तोवर काय करावे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तुटलेल्या मज्जातंतूचे काय होते, याचा पहिला पद्धतशीर अभ्यास ऑगस्टस वॉलर या इंग्रज वैद्याने केला. इ. स. १८५० मध्ये त्याने बेडकाच्या जिभेकडे जाणारे तंतू कापून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कापलेल्या जागेपासून पुढचा, म्हणजे जिभेकडचा, भाग काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन नष्ट होतो. मागचा भाग मात्र जिवंत राहतो, असे त्यास आढळले. कारण उघड आहे. प्रत्येक तंतू हा एका पेशीचा लांबलचक हात असतो, आणि त्या हाताला लागणारे सर्व साहित्य मूळ पेशीतच तयार होते. मुळापासून तुटलेली फांदी वाळते, मूळ जगते. तसाच हा प्रकार आहे.

पुढे सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने या मुळाला पुन्हा कोंब कसा फुटतो ते दाखविले. वाढणाऱ्या तंतूच्या टोकाशी एक लहानसा पसरट शंकू असतो. आंधळ्याने काठीने वाट चाचपावी तसा तो चहूबाजूंना चाचपत पुढे सरकतो. काहालने तो १८९० मध्ये वर्णिला. १९०६ साली त्याला इटलीच्या गॉल्जी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर त्याने मज्जातंतूंचा नाश व पुनर्वाढ या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. मेंदू व पृष्ठरज्जू यांतील तंतू तुटले तर ते पुन्हा वाढून मूळ ठिकाणी पोहोचत नाहीत, परंतु त्यांच्या बाहेरचे, हातापायांत व इंद्रियांत पसरलेले तंतू वाढू शकतात, हा भेद तेव्हापासून स्पष्ट झाला. ओटीपोटातील ज्या तंतूंचा येथे विचार करावयाचा आहे ते या दुसऱ्या वर्गातले आहेत. आशेला जागा आहे ती यामुळेच.

परंतु ही वाढ फार सावकाश होते. मनुष्याच्या शरीरात तिचा वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर धरतात. तंतूच्या बांधणीला लागणारी प्रथिने मूळ पेशीतून पुढे वाहत येतात तीच मुळी या सुमाराच्या मंद गतीने. तेव्हा बांधकाम साहित्यापेक्षा लवकर पुढे जाणार कसे? शिवाय प्रत्येक इजा सारखी नसते. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणारे ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये मज्जातंतूंच्या इजांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात तंतू अखंड असतो, फक्त त्याचे काम थांबलेले असते. तो काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत पूर्ववत होतो. दुसऱ्यात आतला तंतू तुटतो, पण त्याच्या बाहेरची नळी शाबूत राहते. नव्या कोंबाला त्या नळीची वाट मिळते आणि तो हळूहळू योग्य ठिकाणी पोहोचतो. तिसऱ्यात तंतू आणि नळी दोन्ही छेदली जातात. मग कोंब वाट चुकतो, व्रणाच्या गाठीत अडकतो किंवा भलत्याच ठिकाणी जातो. रोगी कोणत्या प्रकारात मोडतो यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते, आणि पहिले काही महिने ते नक्की सांगणे डॉक्टरांनाही शक्य नसते.

आता हे तंतू करतात काय? पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या भागातून, त्रिकास्थीतून, निघालेले काही तंतू ओटीपोटात एका जाळ्यात मिसळतात, आणि तेथून केसासारख्या बारीक शाखा शिश्नाकडे जातात. १८६३ मध्ये कॉन्राड एकहार्ड या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याचे हे तंतू विजेने चेतवून उत्थान घडवून आणले, तेव्हा त्यांचे कार्य सिद्ध झाले. शिश्नात स्पंजासारखे दोन लांबट भाग असतात, आणि त्यांतील असंख्य पोकळ्यांभोवती बारीक अनैच्छिक स्नायू आवळलेले असतात. मेंदूचा किंवा स्पर्शाचा संदेश येताच तंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात सुटतो. त्याने स्नायू सैल पडतात, रोहिण्यांतून रक्त आत धावते, पोकळ्या फुगतात, आणि फुगलेल्या पोकळ्यांच्या दाबाने बाहेर जाणाऱ्या नीला मिटून रक्त आत कोंडले जाते. उत्थान म्हणजे स्नायू आवळणे नव्हे, सैल पडणे होय, हे पुष्कळांना ऐकून आश्चर्य वाटेल. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना निरोप देते या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतके सारे माहीत होत असतानाही एक साधी गोष्ट फार काळ कोणास ठाऊक नव्हती. हे तंतू प्रोस्टेट ग्रंथीच्या आतून जातात की बाहेरून? कर्करोगासाठी ती ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ मध्ये केली. त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे ही शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक सर्व पुरुषांची उत्थानशक्ती नष्ट होत असे, आणि कर्करोगापासून सुटकेची ती अटळ किंमत आहे असे मानले जाई. तंतू ग्रंथीतूनच जात असावेत, मग ते वाचणार कसे, असा सर्वसाधारण समज होता. प्रौढांच्या शवांत त्यांचा मागमूस लागत नसे. कारण ते मुळात अतिसूक्ष्म, आणि शवात चरबीच्या व आतड्यांच्या भाराने चेपून गेलेले असत.

त्याच रुग्णालयातील पॅट्रिक वॉल्श यांनी प्रथम या शस्त्रक्रियेतील रक्तस्राव आटोक्यात आणला. तोवर पोटात साचणाऱ्या रक्तामुळे शल्यविशारदाला जवळजवळ चाचपडतच काम करावे लागे. आता त्याला समोरचे दिसू लागले. मग १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचा एक रोगी शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी तपासणीस आला आणि आपली शक्ती पूर्वीसारखीच आहे असे त्याने सांगितले. एका माणसाची शक्ती राहिली, याचा अर्थ तंतू ग्रंथीच्या आत नसले पाहिजेत. फेब्रुवारी १९८१ मध्ये वॉल्श हॉलंडमधील लायडन येथे गेले असता पीटर डोंकर या निवृत्त प्राध्यापकांशी त्यांची भेट झाली. डोंकर हे मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरात मूत्राशयाचे तंतू शोधीत होते. अर्भकात चरबी थोडी आणि तंतू त्या मानाने ठसठशीत असल्यामुळे ते दिसू शकत. शिश्नाकडे जाणारे तंतू कोठे आहेत, असे वॉल्श यांनी विचारले. डोंकर यांनी ते कधी पाहिले नव्हते. दोघांनी मिळून शोध घेतला, आणि काही तासांतच उत्तर सापडले. तंतू ग्रंथीच्या कवचाच्या बाहेरून, मागच्या बाजूने दोन्ही कडांना लागून जात होते.

बाल्टिमोरला परतल्यावर वॉल्श यांच्या ध्यानात आले की, त्याच जागी रक्तवाहिन्यांचा एक लहानसा जुडगा असतो. तंतू डोळ्यांना दिसले नाहीत तरी तो जुडगा दिसतो; तेव्हा तो सोडविला की तंतूही सुटतील. २६ एप्रिल १९८२ रोजी त्यांनी हे तंतू हेतुपूर्वक राखून पहिली शस्त्रक्रिया केली. वर्षभरात त्या रोग्याची शक्ती परत आली. जी हानी पिढ्यान्‌पिढ्या अटळ मानली गेली, ती अटळ नव्हती. कोठे कापू नये हे माहीत नव्हते, एवढेच. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतही पुढे याच दृष्टीने तंतू राखण्याची पद्धत रूढ झाली.

तथापि तंतू राखले म्हणजे लगेच सर्व ठीक होते असे मात्र नाही, आणि येथेच रोग्याची फसगत होते. तंतू तुटले नाहीत तरी ते ताणले जातात, रक्तस्राव थांबविताना त्यांना उष्णता लागते, आजूबाजूला सूज येते. त्यामुळे उत्तम शस्त्रक्रियेनंतरही आरंभीचे काही महिने उत्थान बहुधा नसते. हिशेबाने पाहिले तर वाट फार लांब नाही. उदाहरणादाखल १० सेंटिमीटर अंतर धरले, तर दिवसाला १ मिलिमीटरप्रमाणे १०० दिवस पुरावेत. प्रत्यक्षात मात्र वर्ष, दीड वर्ष, दोन वर्षे, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो. याची कारणे अनेक आहेत. कोंब फुटण्यापूर्वी काही दिवस जातात. इजेची जागा ओलांडताना वेग मंदावतो. कित्येक कोंब वाट चुकतात. आणि जे पोहोचतात त्यांना टोकाशी नव्याने जोड जुळवावी लागते.

पण सर्वांत महत्त्वाचे कारण निराळेच आहे. तंतू वाढत असतो, तेव्हा ज्या घरी त्याला पोहोचावयाचे ते घर जागेवर राहते का? निरोगी पुरुषाला झोपेत रोज रात्री अनेक वेळा उत्थान होते आणि त्या वेळी स्पंजासारख्या भागात ताजे, प्राणवायुयुक्त रक्त भरते. तंतू मूक झाले की हे रात्रीचे भरणपोषण थांबते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, हे तंतू कापल्यावर तेथील अनैच्छिक स्नायूंच्या पेशी मरू लागतात आणि त्यांच्या जागी चिवट धाग्यांचे जाळे माजते. मनुष्यातही असाच बदल होतो. चिवट झालेला स्पंज नीट फुगत नाही, नीला नीट मिटत नाहीत, आणि आत आलेले रक्त ठरत नाही. मग दीड वर्षाने तंतू पोहोचला तरी त्याचा निरोप ऐकणारे कोणी उरत नाही. ओसाड पडलेल्या घरी पत्र पोहोचावे तसे ते होते.

म्हणून संशोधनाचे दोन मार्ग पडले. तंतूची वाढ घडवून आणणे हा पहिला. कापून टाकाव्या लागलेल्या तंतूच्या जागी पायाच्या पोटरीतील एका तंतूचा तुकडा कलम म्हणून लावून पाहिला गेला, आणि आरंभी त्याची फार वाखाणणी झाली. परंतु ह्यूस्टन येथे रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका बाजूचा तंतू कापावा लागलेल्या रोग्यांपैकी कलम लावलेल्यांत सुमारे ७१ टक्क्यांची आणि न लावलेल्यांत सुमारे ६७ टक्क्यांची शक्ती परत आली. म्हणजे कलमाने फरक पडला असे म्हणता येईना. टॅक्रोलिमस या औषधाने उंदरांचे तंतू जगविले, पण माणसांवरील चाचणीत लाभ दिसला नाही. मूलपेशी टोचण्याचे प्रयोगही झाले आहेत. परंतु मनुष्यांवरील आरंभीचे प्रयोग लहान होते आणि त्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून निर्णय करता येत नाही. मनुष्याच्या या तंतूंची वाढ खात्रीने जलद करणारे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

दुसरा मार्ग घर जागते ठेवण्याचा. इटलीतील मिलान येथे १९९७ मध्ये ३० रोग्यांवर एक लहानशी चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर लवकरच आठवड्यातून तीन वेळा अल्प्रोस्टॅडिलची सुई देऊन उत्थान घडविले, त्यांच्यापैकी ६७ टक्क्यांची शक्ती पुढे आपोआप परतली. ज्यांना दिले नाही त्यांच्यापैकी २० टक्क्यांचीच. यामुळे मोठी आशा उत्पन्न झाली. पुढे गोळ्या निघाल्या होत्याच. सिल्डेनाफिल या पहिल्या गोळीला अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये मान्यता मिळाली होती. परंतु त्याच जातीच्या दुसऱ्या गोळ्या रोज देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांतून, सहाशेहून अधिक रोग्यांच्या २००८ मधील आणि चारशेहून अधिक रोग्यांच्या २०१४ मधील, असे निष्पन्न झाले की, गोळी चालू असता तिचा उपयोग होतो. पण गोळी बंद केल्यावर ती रोज घेतलेल्यांची स्थिती इतरांपेक्षा चांगली ठरत नाही. दुसऱ्या चाचणीत शिश्नाची लांबी कमी होण्याचे प्रमाण मात्र घटलेले दिसले. तेव्हा लवकर सुरू केलेल्या उपचाराने तंतू वाढतात असे नव्हे. मधला काळ सुसह्य होतो, आणि इंद्रिय वापरात राहते, एवढे म्हणता येते. तेवढेही थोडे नाही.

या गोळ्यांचे कार्य समजून घेतल्यास पुष्कळ निराशा टळेल. त्या स्वतः उत्थान घडवीत नाहीत. तंतूने सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे स्नायूंत जे द्रव्य तयार होते, त्याचा नाश त्या लांबवितात. तंतूने निरोपच दिला नाही तर गोळी वाढविणार काय? म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात लागू न पडलेली गोळी वर्षाने लागू पडू शकते. दोन्ही बाजूंचे तंतू गेलेल्या रोग्यास तिचा फारसा उपयोग होत नाही. परंतु सुईचे औषध थेट स्नायूंवर काम करीत असल्यामुळे तेथेही गुण देते. शिवाय निर्वात नळीचे साधन आहे, आणि अखेरीस शरीरात बसविण्याचे कृत्रिम साधनही आहे. फुगविता येण्याजोगे असे साधन १९७३ पासून वापरात आहे.

या ठिकाणी दोन इशारे देणे आवश्यक आहे. हृदयरोगासाठी नायट्रेट जातीची औषधे घेणाऱ्याने या गोळ्या कदापि घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो. आणि सुईनंतर उत्थान चार तास ओसरले नाही, तर लाज न धरता तडक रुग्णालय गाठावे. भिंतींवर जाहिराती रंगविणाऱ्या ‘गुप्त’ वैद्यांपासूनही सावध राहावे. वनौषधी म्हणून विकलेल्या चूर्णांत हीच रासायनिक औषधे न सांगता मिसळलेली आढळली आहेत, आणि मात्रा माहीत नसलेले औषध हृदयरोग्याच्या जिवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट पतिपत्नी दोघांनाही ठाऊक असावी. उत्थानाचे तंतू वेगळे आणि त्वचेच्या स्पर्शाचे तंतू वेगळे. दुसरे तंतू निराळ्या वाटेने जातात. म्हणून उत्थान नसतानाही स्पर्शाची जाणीव आणि सुखाचा परमोच्च क्षण बहुधा शाबूत राहतो. प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर वीर्य बाहेर येत नाही, हे शस्त्रक्रियेचे स्वाभाविक फळ आहे. तो नवा रोग नव्हे. इच्छा तर मेंदूत व रक्तातील संप्रेरकांत असते, तिला या तंतूंची गरज नसते. हे माहीत नसल्यामुळे किती तरी दांपत्ये हातात हात घेणेही सोडून देतात, आणि तंतूंनी केली नसती एवढी ताटातूट मौनाने होते.

तेव्हा ज्यास अशा शस्त्रक्रियेस सामोरे जावयाचे आहे त्याने शल्यविशारदास आधीच विचारावे: तंतू राखता येतील का, एका बाजूचे की दोन्ही? कर्करोग कवचाबाहेर पसरला असेल तर ते कापावेच लागतात. तेथे जिवाचे मोल अधिक, आणि तो निर्णय योग्यच असतो. राखता आले तर परत येणारी शक्ती वयावर, पूर्वीच्या सामर्थ्यावर आणि मधुमेहासारख्या सोबतच्या व्याधींवर अवलंबून राहील, हेही त्याने जाणून घ्यावे. पहिले तीन महिने काही घडले नाही म्हणून आशा सोडू नये, आणि दोन वर्षे आपोआप बरे होईल म्हणून गप्पही बसू नये. तंतूची घाई कोणास करता येत नाही. तो दिवसाकाठी एखाद्या मिलिमीटराने, चाचपत, आपल्या वाटेने येत असतो. तो येईपर्यंत घर उघडे व नांदते ठेवणे मात्र माणसांच्या हाती आहे, आणि त्याचा आरंभ डॉक्टरांशी आणि घरात मोकळेपणाने उच्चारलेल्या पहिल्या वाक्याने होतो.